दूधभाताची शपथ, बिडाचा नांगर

गुरुवार : अंबवडे, वाई, सातारा

निष्ठेची आठवण आमच्या प्रोग्रॅमरांच्या धंद्यात सहसा दोनदा होते, पगारवाढीच्या पत्रात आणि राजीनामा दिल्यानंतरच्या बैठकीत. यंदा मात्र आमच्या कंपनीने तिचा थेट करारच करून पुढे ठेवला. एक ठरावीक रक्कम आगाऊ घ्यायची, दोन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर ती व्याजासह परत करायची आणि त्याच कागदावर आणखी एका गोष्टीला संमती द्यायची : कामाच्या लॅपटॉपवर दर काही मिनिटांनी पडद्याचे छायाचित्र घेऊन व्यवस्थापनाकडे पाठवणारे सॉफ्टवेअर बसवले जाईल. महिनाअखेरपर्यंत सही करायची होती. प्रवास त्यासाठी आखलेला नव्हता. ओतकामाचा कारखाना चालवणाऱ्या माझ्या शाळकरी मित्राला किर्लोस्करवाडी पाहायची होती, मला औंधची चित्रे पाहायची होती आणि दोन्ही ठिकाणे एकेकाळी एकाच संस्थानात असल्यामुळे मार्ग सहज जुळला. पण तो कागद पिशवीत होता आणि वाटेतली जवळजवळ प्रत्येक जागा त्यावर काही ना काही बोलत राहिली.

भोर मागे टाकून अंबवड्याला पोहोचलो तेव्हा ऊन चढलेले होते. झुलता पूल पाहायला येणारे बरेच असतात, समाधीकडे मात्र कोणी फारसे वळत नाही. ही समाधी शंकराजी नारायण सचिवांची, राजाराम महाराजांच्या पडत्या काळात राज्य सावरून धरणाऱ्या मोजक्या माणसांपैकी एकाची. १७०७ मध्ये औरंगजेब मेला, मोगलांच्या कैदेतून शाहू महाराज सुटून आले आणि इकडे ताराबाई आपल्या मुलाच्या नावाने राज्य चालवत होत्या. एका राज्याचे दोन धनी झाले. ताराबाईंनी सरदारांकडून दूधभातावर हात ठेवून शपथ घेतली होती. खेडच्या लढाईत धनाजी जाधव शाहूंना मिळाले, बाकीचेही एकेक करून वळू लागले, आणि शाहूंनी सचिवांना भेटीस बोलावले. शपथ मोडवेना आणि संभाजी महाराजांच्या मुलावर हत्यारही उचलवेना, अशा कोंडीत सापडलेल्या शंकराजींनी याच गावी आपले जीवन संपवले. शाहू महाराजांनी पुढे सचिवपद त्यांच्या अल्पवयीन मुलाकडेच चालू ठेवले, ही गोष्ट मला त्या मृत्यूइतकीच महत्त्वाची वाटते. ज्या धन्याच्या भीतीने माणूस गेला, त्या धन्याने त्या माणसाच्या इमानाचा राग धरला नाही.

माझा मित्र इतिहासाच्या बाबतीत हिशेबी आहे. तो म्हणाला, "शपथ कोणाच्या नावाने घेतली होती? ताराबाईंच्या, की गादीच्या?" सगळा घोळ तिथेच आहे. काही वर्षांपूर्वी मी ज्या कंपनीत होतो ती एका मोठ्या कंपनीने विकत घेतली, तेव्हा आमच्यावरही ही वेळ आली होती, अर्थात कोणाच्याही जिवावर न बेतता. ज्याच्या शब्दाखातर आम्ही दिवाळीच्या सुट्टीतही काम केले होते तो संस्थापक आपला वाटा घेऊन बाहेर पडला, आणि नवे लोक पहिल्याच सभेत आमच्याकडे "तीच" निष्ठा मागू लागले. खाल्ल्या मिठाला जागावे हे मान्य, पण मीठ कोणाचे हे तरी आधी ठरायला हवे.

वाईत घाटावर थोडे टेकलो आणि संध्याकाळी सातारा गाठला.

शुक्रवार : अजिंक्यतारा, औंध

सकाळी लवकर अजिंक्यताऱ्यावर गेलो. खाली शहर, पलीकडे यवतेश्वर, आणि डोक्यावर दूरदर्शनचा मनोरा. याच गडावर शंकराजींच्या प्रश्नाला आणखी दोघांनी दोन निराळी उत्तरे दिली. परशुराम त्रिंबक प्रतिनिधी ताराबाईंच्या शपथेला चिकटून राहिले आणि त्यांनी गड शाहूंच्या ताब्यात देण्याचे नाकारले. गडाचा अंमलदार शेख मिरा याचे कुटुंब मात्र शाहूंच्या हाती सापडले होते. बायकामुलांच्या जिवावर बेतल्यावर त्याने प्रतिनिधींनाच कैद केले आणि गडाचे दरवाजे उघडले. १२ जानेवारी १७०८ रोजी शाहू महाराजांचा साताऱ्यात राज्याभिषेक झाला. शेख मिऱ्याच्या घराण्याला वाई भागात इनामे मिळाली, परशुरामपंत बेडीत पडले.

गोष्ट इथे संपली असती तर "वारा पाहून पाठ द्यावी" असा तिचा अर्थ कोणी काढला असता. पण काही वर्षांनी शाहूंनी त्याच परशुरामपंतांना सोडले आणि प्रतिनिधीपद परत दिले. मधल्या काळात पंतांचा मुलगा कृष्णाजी ताराबाईंच्या कोल्हापूरच्या पक्षाला मिळाला, तेव्हा संशयाने संतापलेल्या शाहूंनी पंतांचे डोळे काढण्याचा हुकूम दिला होता आणि खंडो बल्लाळांनी मध्ये पडून तो टाळला, अशी हकीकत आहे. अखेर एकाच बापाचे दोन मुलगे दोन दरबारांचे प्रतिनिधी झाले, एक शाखा विशाळगडला आणि दुसरी सातारा-औंधला. मला यात एक व्यवहार दिसतो. ज्याने जुन्या धन्याला सहजासहजी सोडले नाही त्याची किंमत नव्या धन्यालाही कळली होती. आमच्याकडे नोकरभरती करणारे नेमके उलटे वागतात. आधीच्या कंपनीची नोटीस पूर्ण करू म्हणणाऱ्या उमेदवाराला ते "लवकर या, नाहीतर जागा जाईल" असे सांगतात, आणि तोच माणूस पुढे त्यांनाही आठ दिवसांत सोडून गेला की चकित होतात.

मात्र या सगळ्या हकीकती वाचताना कोणती गोष्ट समकालीन पत्रात आहे आणि कोणती नंतरच्या बखरीत, हे सतत पाहावे लागते. ही सवय मला इतिहासाने नव्हे, गिटने लावली, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनाने. वीस वर्षे चालत आलेल्या कोडमध्ये एखादी ओळ अशी का आहे हे विचारले, तर जुनेजाणते लोक एक छान रंगवलेली कथा सांगतात. मग "गिट ब्लेम" चालवून ती ओळ कोणी, कोणत्या दिवशी, कोणती नोंद करून लिहिली ते पाहिले की कथेतला अर्धा भाग गळून पडतो. वि. का. राजवाडे यांनी गावोगाव फिरून कागद गोळा केले, १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंडामागून खंड छापले आणि मूळ कागद जसेच्या तसे लोकांपुढे ठेवण्याचा आग्रह धरला, तो याचसाठी. गिटमध्ये नोंद लिहिताना "किरकोळ बदल" एवढेच खरडणाऱ्या सहकाऱ्यांना मी राजवाड्यांचे नाव सांगतो. त्यांना वाटते मी विनोद करतो आहे.

दुपारी रहिमतपूरच्या बाजूने औंधला पोहोचलो. मूळपीठाच्या डोंगरावर यमाईचे देऊळ आणि चढणीच्या वाटेवर श्रीभवानी वस्तुसंग्रहालय. बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे या संस्थानाचे अधिपती, अजिंक्यताऱ्यावर अडून बसलेल्या त्याच परशुरामपंतांचे वंशज. सूर्यनमस्काराचे प्रचारक, कीर्तनकार आणि स्वतः चित्रकार. त्यांनी हे संग्रहालय १९३८ मध्ये उभारले. राजा रविवर्मा, धुरंधर, अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती, आणि या सगळ्यांमध्ये इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांचे आई आणि मूल असलेले एक छोटे शिल्प. दुष्काळी खटाव तालुक्यातल्या या डोंगरावर ते आले कसे, असा प्रश्न प्रत्येक पाहुण्याला पडतो. उत्तर साधे आहे : पाहण्याची भूक असलेल्या माणसाच्या हाती तिजोरी होती. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला एक लाख रुपयांचे आश्वासन देणारे हेच बाळासाहेब. पंडित सातवळेकरांचे वेदांवरचे काम अनेक वर्षे इथेच चालले.

पण माझ्या दृष्टीने औंधची सर्वांत धाडसी गोष्ट कोणत्याही दालनात ठेवलेली नाही. जानेवारी १९३९ मध्ये या राजाने आपली सत्ता प्रजेच्या हाती देणारी राज्यघटना जाहीर केली. सुमारे ७२ गावांचे हे संस्थान औंध, आटपाडी, कुंडल आणि गुणदाळ अशा तुकड्यांत विखुरलेले होते, तिथे गावपंचायतीपासून वर चढत जाणारा कारभार सुरू झाला. मसुद्यामागे गांधीजींचा सल्ला होता, युवराज आप्पासाहेब पंत होते आणि मॉरिस फ्रिडमन नावाचा एक पोलिश अभियंता होता. बंगळूरचा सरकारी विजेच्या सामानाचा कारखाना चालवता चालवता तो गांधींच्या आणि औंधच्या कामात ओढला गेला. पुढे मुंबईत निसर्गदत्त महाराजांच्या मराठी निरूपणांचा इंग्रजी अनुवाद करणारे गृहस्थ हेच. अभियंत्याने राज्यघटनेत हात घालावा याचे माझ्या मित्राला नवल वाटले, मला वाटले नाही. कोणाला कोणता अधिकार किती, आणि तो काढून कोण घेऊ शकतो, हाच प्रश्न आम्ही रोज लहान प्रमाणावर सोडवत असतो.

शनिवार : किर्लोस्करवाडी, कुंडल

पुसेसावळी, कडेगाव करत खाली उतरलो तसतसा उसाचा हिरवा रंग दाट होत गेला. देवराष्ट्रे म्हणजे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तिथे चहा घेतला, सागरेश्वरचे अभयारण्य डावीकडे सोडले आणि किर्लोस्करवाडीत शिरलो. कारखान्यात कोणालाही सहज जाता येत नाही आणि आम्ही तशी परवानगीही मागितली नव्हती. वसाहतीचे रस्ते, झाडांच्या रांगा आणि रेल्वे स्टेशन पाहून मित्राचे समाधान झाले.

लक्ष्मणराव किर्लोस्करांची वाट मला नेहमीच आमच्या धंद्यातल्या माणसाला शोभेशी वाटते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते चित्रकला शिकायला गेले, पण रंग नीट ओळखता येत नाहीत असे ध्यानात आले, तेव्हा यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले. व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत शिकवू लागले, आणि हक्काची बढती डावलून ती एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली, तेव्हा नोकरी सोडून बेळगावला परतले. तिथे सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याची यंत्रे, मग लोखंडी नांगर. बेळगावची जागा नगरपालिकेच्या विस्तारात गेली आणि बिऱ्हाड उचलण्याची वेळ आली, तेव्हा औंधच्या बाळासाहेबांनी कुंडलजवळची माळाची जमीन देऊ केली. निवडुंग माजलेल्या त्या माळावर १० मार्च १९१० रोजी काम सुरू झाले. कुंडल रोड नावाच्या त्या स्टेशनला पुढे कारखान्याचे नाव मिळाले.

डावललेल्या बढतीची ती गोष्ट निष्ठेच्या करारावर सही मागणाऱ्यांनी एकदा शांतपणे वाचावी असे मला वाटते. लक्ष्मणराव पगारासाठी गेले नाहीत. चांगले काम करूनही आपण कोण आहोत हे आधीच कोणीतरी ठरवून ठेवले आहे, हे कळल्यावर ते गेले. आगाऊ रक्कम देऊन असा माणूस थांबत नाही, आणि रकमेसाठी थांबणारा माणूस बहुधा थांबवायला हवाच असा नसतो.

स्वतःचा कारखाना काढल्यावर त्यांनी माणसे कशी जमवली तेही पाहण्यासारखे आहे. शिक्षण अर्धवट राहिलेला एक तरुण, अनंतराव फळणीकर, तिथे कल्पक यंत्रज्ञ म्हणून नावारूपाला आला. दरोड्याबद्दल शिक्षा भोगलेल्या तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग यांच्या हाती कारखान्याची राखण दिली गेली. ज्या काळात काही जमातींवर जन्मानेच गुन्हेगारीचा शिक्का मारणारा कायदा लागू होता, त्या काळात ही नेमणूक झाली. यात भाबडेपणा नव्हता असे मित्राचे मत आहे. "त्या माळावर रात्री कोण कुठून येतो हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?" तो म्हणाला. ते खरे आहे, आणि तरीही किल्ली हातात देताना आधी देणाऱ्यालाच धीर करावा लागतो. इमान त्यानंतर येते. आमच्या कागदावर हा क्रम उलटा होता, आधी तुम्ही दोन वर्षे बांधून घ्या आणि त्याच सहीत तुमच्यावर पहारा बसवायलाही हो म्हणा.

अर्थात वसाहतीचे कौतुक किती करावे यालाही मर्यादा आहे. घर कारखान्याचे, शाळा कारखान्याची, दुकान आवारातले, अशा ठिकाणी माणूस टिकतो तेव्हा तो आपलेपणाने टिकला की दुसरीकडे छप्पर नाही म्हणून, हे त्याला स्वतःलाही सांगता येणार नाही. तरी इथल्या माणसांनी नुसते नांगर ओतले नाहीत. १९२० मध्ये या माळावरून एक मासिक निघाले. शंकरराव किर्लोस्करांनी ते वाढवले, पुढे 'स्त्री' आणि 'मनोहर' ही भावंडे आली आणि बुवाबाजीपासून विधवाविवाहापर्यंतचे वाद मराठी घरांत शिरले. नांगराच्या कारखान्याने वाचक घडवले, हे आजच्या कंपन्यांच्या चकचकीत अंतर्गत पत्रकांकडे पाहून खरे वाटत नाही.

दुपारी मित्राच्या नात्यातल्या एका शेतकऱ्याकडे जेवण होते. जेवणानंतर त्यांनी गोठ्यामागच्या छपरात पडलेला एक जुना बैलाचा नांगर दाखवला. कोणत्या कारखान्याचा ते कळत नव्हते, ओतीव अक्षरे गंजाने भरून गेली होती. मित्र उकिडवा बसला आणि माती उलटवणाऱ्या वळणदार पात्याच्या कडेवरून त्याने अंगठा फिरवला. साच्याचे दोन अर्धे भाग जिथे जुळतात तिथली बारीक उभी रेघ त्याने मला बोटाने दाखवली. पुढची बाजू घासून गुळगुळीत केलेली होती, कारण तिथून माती सरकणार. मागची तशीच खडबडीत सोडलेली, कारण तिथे घासायला लागणारी मजुरी कोण देणार. "कुठे घासायचे नाही हे ज्याला कळते तो खरा कारागीर," एवढे बोलून तो उठला. रुमण्याचा दांडा केव्हाच गेला होता आणि फाळ दुसऱ्या कुठल्या तरी नांगराचा बसवलेला दिसत होता.

लोखंडी नांगराने जमिनीत विष भिनते अशा समजुतीमुळे शेतकरी तो घेईनात आणि पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली, ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. सांगणारे ती शेतकऱ्यांच्या अडाणीपणाचा दाखला म्हणून सांगतात. मला तसे वाटत नाही. लाकडी नांगर गावातला सुतार घडवत असे, फाळाला गावातला लोहार धार लावून देत असे आणि दोघांनाही सुगीला बलुते मिळे. मोडतोड झाली तर दुरुस्ती गावच्या शिवेच्या आत होती. बीड म्हणजे ओतीव लोखंड मात्र ठिसूळ असते. ते तापवून ठोकायला गेले तर फुटते, गावच्या भात्यावर त्याचे काही चालत नाही, तुटलेला भाग कारखान्यातूनच आणावा लागतो. ऐन नांगरटीत औजार मोडले आणि सुटा भाग रेल्वेने यायचा असला तर काय करायचे, ही चिंता विषाच्या शब्दांत बोलली गेली असेल. नवे औजार जास्त खोल नांगरते एवढ्यावर शहाणा माणूस विश्वास ठेवत नाही. ते मोडल्यावर कोणाच्या दारात उभे राहावे लागेल, हेही तो विचारतो.

मीही तेच विचारतो आणि त्यामुळे कचेरीत मला जुनाट समजतात. मी कोड लिहायला विम नावाचा जुना एडिटर वापरतो. ब्राम मोलेनार यांनी ते १९९१ मध्ये लोकांना दिले, २०२३ मध्ये ते वारले, आणि तरीही ते थांबले नाही, कारण मूळ कोड सर्वांच्या हातात होते आणि सांभाळणारे दुसरे हात तयार होते. उलट, ॲटम नावाचा देखणा एडिटर एका मोठ्या कंपनीने काढला, हजारो लोकांनी त्यावर हात बसवला आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्याच कंपनीने तो बंद केला. त्याचेही कोड खुले होते म्हणून काहींनी पुढे काही धडपड केली, पण घराची सवय मोडली ती मोडलीच. दरमहा भाडे भरून वापरायच्या साधनांचे तर विचारायलाच नको. भाडे थकले की स्वतःच्याच फायली परक्या होतात.

गिटचा जन्मही अशाच एका प्रसंगातून झाला. लिनक्स या खुल्या संगणकप्रणालीचे काम बिटकीपर नावाच्या, कोडमधल्या बदलांच्या नोंदी ठेवणाऱ्या साधनावर चालत होते. ते मालकीचे होते, पण लिनक्सवाल्यांना फुकट वापरू दिले जाई. त्यांच्यातल्याच एकाने त्याच्या आतल्या बोलीचा उलगडा करण्याचा प्रयत्न केला म्हणून २००५ मध्ये मालकाने ती सवलत काढून घेतली. लिनक्सचे जनक लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी इतर काम बाजूला ठेवले आणि काही दिवसांत स्वतःचे साधन लिहायला घेतले. त्याच एप्रिलमध्ये गिट उभे राहिले. मालकाने करार मोडला नव्हता, सवलत त्याचीच होती. पण उद्या काढून घेता येईल अशा साधनावर आपले रोजचे काम उभे करू नये, हे हजारो प्रोग्रॅमरांना त्या वेळी एकदम कळले. मित्राला ही गोष्ट सांगितल्यावर त्याने पहिल्या महायुद्धाच्या काळातली हकीकत सांगितली. परदेशी कच्चे लोखंड मिळेनासे झाले आणि नांगरांचे काम अडले, तेव्हा कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी गडावरच्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या, असे त्या भागात सांगतात. इतिहासाची आवड असलेल्या माझ्यातल्या माणसाला तोफा वितळल्याचे ऐकून कसेसेच झाले. मित्राला मात्र त्या तोफांच्या धातूत कार्बन किती असेल याचीच पडली होती.

कुंडल तिथून अगदी जवळ. बेचाळीसच्या चळवळीनंतर सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले, त्याचा हा बालेकिल्ला. प्रतिसरकारच्या तुफान सेनेचे शिक्षण इथे चाले. जून १९४३ मध्ये शेणोलीजवळ सरकारी पैसा नेणारी रेल्वे लुटण्यात जी. डी. बापू लाड आणि त्यांचे सहकारी होते. गाव औंध संस्थानात असल्याने ब्रिटिश पोलिसांना इथे सरळ घुसणे अवघड जाई, आणि संस्थानाची सहानुभूतीही कोणत्या बाजूला होती ते उघड होते. म्हणजे एका बाजूला कारखान्याचा भोंगा आणि हाकेच्या अंतरावर भूमिगतांची न्यायसभा, दोन्हींना एकाच राजाचा आसरा. स्वतः नाना पाटील आधी तलाठी होते. सरकारी दप्तर काखेत मारून सारा वसूल करणारा माणूस ती नोकरी सोडतो आणि पुढे त्याच सरकारला गावागावांतून उठवून लावतो, हे पाहिल्यावर नोकराच्या निष्ठेची खरी मुदत काय, हा प्रश्न मला करारातल्या दोन वर्षांपेक्षा बराच मोठा वाटू लागला.

रविवार : स्वतंत्रपूर, म्हसवड, फलटण

विट्यावरून वर चढून घाटमाथ्याने आटपाडीकडे गेलो. ऊस संपला, माणदेशाचा कोरडा माळ सुरू झाला, अधूनमधून डाळिंबाच्या बागा. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंधच्या घटनेच्याच वर्षी, १९३९ मध्ये, फ्रिडमन यांच्या पुढाकाराने इथे भिंत नसलेला तुरुंग सुरू झाला. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या माणसांनी इथे शेती करायची, बायकामुलांना सोबत आणायचे, आणि पळून जाण्याला आडकाठी अशी काही नाही. या प्रयोगावरून स्फुरलेला एक हिंदी चित्रपट पुढे गाजला. संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले तरी वसाहत चालू राहिली, ती आज राज्याच्या कारागृह विभागाकडे आहे. आत जाणे शक्य नव्हते आणि कोणाच्या तरी घराकडे टक लावून उभे राहणे बरेही दिसले नसते. रस्त्यावरून पिके, बैठी घरे आणि वाळत घातलेले कपडे एवढे दिसले.

गाडीत यावर वाद झाला. संगणकाच्या सुरक्षेत आमचा पहिला धडा असा की कोणावरही आपण होऊन विश्वास टाकू नये आणि प्रत्येकाला कामापुरताच अधिकार द्यावा. मी स्वतः तो नियम कडकपणे पाळतो. मलाही मुख्य डेटाबेसमध्ये थेट हात घालता येत नाही आणि त्यात मला अपमान वाटत नाही, कारण ती मर्यादा चुकीमुळे होणारे नुकसान आवरण्यासाठी आहे आणि सर्वांना सारखी आहे. पडद्याची छायाचित्रे घेण्याने कोणतेही नुकसान आवरत नाही. त्यातून एवढेच कळते की माणूस किती वेळ खिडक्या हलवत होता. मी अर्धा तास खिडकीबाहेर पाहत एखाद्या गुंत्याचा विचार केला तर त्या सॉफ्टवेअरच्या हिशेबी मी झोपलो होतो, आणि माउस हलवत ठेवणारे यंत्र बाजारात मिळते ते घेणारा माझा शेजारी कष्टाळू.

"माझ्याकडे फाटकावर झडती असते," मित्र म्हणाला, "पितळेचे तुकडे जातात, काय करणार?" स्वतंत्रपूर पाहून आल्यावरही ती बंद करायला तो तयार नव्हता, आणि म्हसवडपर्यंत आम्ही त्यावरच बोलत होतो. सिद्धनाथाचे दर्शन घेऊन पुढे निघालो तेव्हा त्याने सहज सांगितले, की त्याच्या वडिलांच्या वेळेपासून मालकाचीही झडती होते. त्याची गाडी बाहेर पडताना पहारेकरी डिकी उघडायला लावतो, आणि एकदा घाईत त्याने नकार दिला तेव्हा पहारेकऱ्याने फाटक उघडले नाही. त्या पहारेकऱ्याचा पगार त्याने त्या वर्षी वाढवला.

फलटणला जेवायला थांबलो तेव्हा मी लॅपटॉप उघडून साध्या मजकुराच्या फायलीत उत्तर लिहिले. आगाऊ रक्कम नको, नोटीस तीन महिन्यांची हवी असल्यास मान्य आहे, आणि ती दोन्ही बाजूंना सारखी असावी. माझ्या हातचे काम दुसऱ्याला चालवता येईल अशा नोंदी मी ठेवीन आणि त्या तपासायला कोणीही केव्हाही यावे. छायाचित्रे घेणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल एकच प्रश्न घातला : ते संचालकांच्या लॅपटॉपवरही बसणार आहे काय? मित्राने ते वाचून "संचालक" च्या आधी "सर्व" घालायला सांगितले. तेवढी दुरुस्ती करून मी पत्र पाठवले, आणि लोणंदच्या रस्त्याला लागलो.